सुनंदाताईंचा राब आणि माझा व्हिडिओ

आमच्या डोंबिवलीतल्या रस्त्यावरची जुनी चिंच गटाराच्या कामात गेली आणि त्या जागी काय आलं, तर शोभेचा पाम. मी आणि माधवी, म्हणजे आमच्या झाडांच्या गटातल्या दोन मुख्य भांडखोर बायका, तरातरा वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथला साहेब वैतागून म्हणाला, "देशी रोपं तुम्ही आणा, खड्डे आम्ही देतो." खड्डे द्यायला पालिका कधीच नाही म्हणत नाही. पण जागा मिळाली होती, म्हणून फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी माधवीची गाडी घेऊन आम्ही कर्जतकडे निघालो.

जाणार असाल तर बदलापूर-नेरळ रस्त्याने लवकर निघा. नंतर फार्महाऊसकडे धावणाऱ्या गाड्यांची रांग लागते. कर्जतच्या अलीकडे रोपवाटिका बऱ्याच आहेत, पण "देशी झाडं दाखवा" म्हटलं की आधी बोगनवेल दाखवतात. हटून बसायचं. आम्हाला बहावा, करंज आणि तामण मिळाले. पिशवीच्या तळाशी मुळं गुंडाळली गेलेली नाहीत ना, हे बघून घ्या. गाडीत मागे प्लास्टिक अंथरायला विसरू नका, नाहीतर माधवीसारखी सोबतीण महिनाभर टोमणे मारते.

ऐनाचं रोप मात्र कुठेच मिळेना. शेवटच्या रोपवाटिकेचा मालक हसला. "ऐन कोण नेतंय मॅडम? ना फूल, ना शोभा. खालापूरच्या बाजूला डोंगराखाली सुनंदाताई ऱ्हातात, त्यांच्याकडं असतील. खोली पण देतात, आणि पोपटी अशी करतात की बोटं चाटाल."

पोपटीचं नाव काढल्यावर आम्ही मुक्काम न करणं शक्यच नव्हतं. फोन केला, खोली मोकळी होती. खोपोलीच्या रस्त्याने निघून मधेच डोंगराकडे वळलो. शेवटचा तुकडा कच्चा आहे, छोट्या गाडीचं पोट घासतं.

तिथेच, गावाच्या पाटीपाशी, मी माधवीला कचकन ब्रेक मारायला लावला.

उतारावर ओळीने झाडं उभी होती आणि एकालाही धड फांदी नव्हती. नुसतं सरळ खोड आणि शेंड्याला मूठभर पानं. खाली हिरव्या फांद्यांचे ढीग रचून ठेवलेले. माझं डोकंच फिरलं. आमच्या गटाचा एक नियम आहे: आधी शूटिंग, मग विचारपूस. शहरात तो बरोबरही ठरतो, कारण विचारत बसलो तर झाड आडवं करून टेंपो निघून गेलेला असतो. मी खाली उतरले, पाटीपासून सुरुवात करून सगळे ढीग टिपले आणि वर माझं भाषण: "बघा, आम्ही एकेका रोपासाठी भांडतोय, आणि ही माणसं उभ्या डोंगराची कत्तल करताहेत. यांना लाज वाटत नाही." व्हिडिओ गटावर टाकला, माझ्या पानावर टाकला आणि वनखात्याच्या तक्रारीच्या नंबरावरही पाठवून दिला. माधवी म्हणाली, "अगं, कुणाला विचारू तरी." मी म्हटलं, "विचारायचंय काय त्यात?"

सुनंदाताईंचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. पन्नाशीच्या, चटपटीत, तोंडाने फटकळ बाई. नवरा साजगावच्या कारखान्यात शिफ्टला, शेती सगळी यांच्या अंगावर. आम्ही गाडीतून उतरलो तशी म्हणाल्या, "काय गं बायांनो, किती उशीर! वालाच्या शेंगा मगाधरनं वाट बघतायत."

पोपटी म्हणजे थंडीतला इथला मोठा सोहळा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला. मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही. अंधार पडता पडता मडकं उघडलं आणि जो वास सुटला, त्यासाठी तरी थंडी संपायच्या आत इकडे एकदा याच. खोली आणि दोन वेळचं जेवण धरून माणशी हजाराच्या आत काम होतं.

शेंगा सोलता सोलता मी विषय काढलाच. म्हटलं, "ताई, येताना ती तोडलेली झाडं बघितली. फार वाईट वाटलं."

"तोडलेली कुठं? खांडलेली हायत," त्या म्हणाल्या. "आमचाच ऐन हाय त्यो. राबाला नको का कवळ?"

मग त्यांनी मडक्याखालची राख काठीने ढवळत सांगितलं. ऐनाच्या कोवळ्या फांद्या उतरवायच्या, त्यांना कवळ म्हणतात. ती सुकवून शेताच्या एका तुकड्यावर पसरायची आणि पावसाआधी जाळायची. त्या भाजलेल्या जमिनीत, म्हणजे राबात, भाताचं रोप करायचं. "झाडाला काय होत नाय. माजी सासू त्याच झाडांवर चढायची, आता आमचे मालक चढतात. मरत असतं तर आमाला पुरलं असतं का?" नवऱ्याने दोन सुट्ट्या सलग काढून कवळ उतरवलं होतं. आता ते शेतावर वाहून न्यायचं होतं.

त्या क्षणी मी खिशातून फोन काढून व्हिडिओ पुसून टाकायला हवा होता. मला सगळं समजलं होतं. पण खोलीत जाऊन फोन बघितला तर गटावर टाळ्यांचा पाऊस. 'वाघीण आहेस', 'अशांना धडा शिकवायलाच हवा'. पाच वर्षं आम्ही झाडांसाठी ओरडतोय, आमचं काहीही इतक्या लोकांनी कधी बघितलं नव्हतं. मी ठरवलं, सकाळी काढू. माधवीने विचारलं, "काढलास का?" मी म्हटलं, "हो, रेंज आली की." रेंज होती.

सकाळी ओट्यावर तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ खात होतो, तेव्हा मोटरसायकलवर वनरक्षक आला. मायेने बोलणारा माणूस होता, पण कामावर आलेला. "वैनी, वरनं तक्रार आलीय. ढिगाला हात लावू नका, साहेब बघेपर्यंत. आणि भाऊंना उद्या ऑफिसात यायला सांगा."

"उद्या? अवो, त्यांनी आताच दोन खाडे केलेत. तिसरा झाला तर कंत्राटदार घरी बसवंल. तक्रार केली तरी कोणी? आमच्या मालकीचं रान हाय, आमची झाडं हायत."

"शहरातलं कुणीतरी हाय," म्हणत त्याने फोन पुढे केला आणि आवाज मोठा केला.

ओट्यावर माझा आवाज घुमला. 'ही माणसं'. 'कत्तल'. 'यांना लाज वाटत नाही.' सुनंदाताईंनी आधी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात त्यांनीच वाढलेली भाकरी होती.

"ह्यो आवाज तुमचा हाय ना, ताई?"

वर्षानुवर्षं अधिकाऱ्यांच्या टेबलावर हात आपटणारी मी, भाकरी ताटात ठेवून उसळ चिवडत राहिले. शेवटी माधवी म्हणाली, "हो. आमचाच आहे." तिने 'आमचा' म्हटलं याची मला आजही जास्त लाज वाटते.

मग मी भडाभडा बोलत सुटले. माझं चुकलं, मला कळलं नाही, मी तक्रार मागे घेते. सुनंदाताईंनी हात वर करून थांबवलं. "काल पोपटीला बसलात तवा तर कळलं व्हतं ना? राती मी समदं सांगितलं." एवढं बोलून त्या आत गेल्या. आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. वनरक्षक म्हणाला, आज रविवार आहे, जे सांगायचं ते उद्या ऑफिसात सांगा.

आमच्यासाठी काल संध्याकाळीच सुनंदाताईंनी ऐनाची चार रोपं जुन्या तेलाच्या डब्यांत घालून गाडीत ठेवली होती. निघताना मला ती परत द्यावीत की न्यावीत, काही सुचेना. पैसे माधवीने उंबऱ्यावर ठेवले. त्या बाहेर आल्या नाहीत.

परतताना खोपोलीच्या शिळफाट्यावरून जुना हायवे धरला. डोंबिवलीकरांनो, नकाशावर नीट बघा, शिळफाटा आपल्याकडेही आहे. कुंभिवलीजवळ चहाला थांबलो. चहा संपवून माधवी म्हणाली, "तू रेंजचं खोटं का बोललीस गं?" मी फोन काढला आणि तिथेच व्हिडिओ पुसला.

सोमवारी रजा टाकून मी एकटीच पुन्हा गेले. वनखात्याच्या ऑफिसातल्या बाकावर सुनंदाताईंचे यजमान बसले होते. शिफ्ट बुडवून आलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी ओळख सांगितली तसे ते थोडे बाजूला सरकले, मला बसायला जागा करून दिली आणि समोर बघत राहिले. साहेबांनी व्हिडिओ बघितला आणि हसूनच म्हणाले, "राबाचं कवळ आहे हो हे! मॅडम, शहरातनं अशी तक्रार अधूनमधून येतेच." तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर मी सही केली, ते सुटले. साहेब हसले, वनरक्षक हसला, मीही ओशाळून हसले. यजमान हसले नाहीत. बाहेर आल्यावर फक्त म्हणाले, "आता दुपारच्या शिफ्टला घेतात का बघतो." घेतलं का, हे मला माहीत नाही. मी दोनदा फोन केला, सुनंदाताईंनी उचलला नाही. त्यांचं बरोबरच आहे.

चार ऐन आता आमच्या रस्त्यावर आहेत, पामच्या शेजारच्या खड्ड्यांत. पाणी मीच घालते. येणारे-जाणारे विचारतात, कुठून आणलंत? मी 'कर्जतकडून' म्हणते आणि बादली उचलते.

हे लिहायचं मी टाळत होते. पण परवा माझ्या मावसबहिणीने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. कुणीतरी त्याला रडकं संगीत लावलं होतं, आवाज थोडा चिरका झाला होता, पाटी मात्र स्वच्छ वाचता येत होती. खाली तिने लिहिलं होतं, 'काय ही माणसं! बरं झालं कुणीतरी बोललं. कोण आहे गं ही बाई?'

सगळ्यांनी संतापाच्या खुणा टाकल्या होत्या. त्यांच्याखाली मी लिहिलं, 'मी आहे. आणि ती झाडं जिवंत आहेत.'