बर्फगाडीवाल्याचा अर्ज

खारदांड्याच्या बळवंतने अठरा वर्षं बर्फाची गाडी चालवली. अंधेरीच्या कारखान्यात लाद्या भरायच्या आणि बोटी सुटायच्या आत दांड्याच्या नाहीतर मढच्या बंदरावर उतरवायच्या. हाताचा पक्का, तोंडाचा फटकळ. मालकाने गाडी भंगारात काढली त्या दिवशी दोघांची अशी जुंपली की मालक म्हणाला, "अनुभवाचा दाखला पाहिजे? समुद्राकडून घे."

मग सात महिने घरी. झेरॉक्सवाल्याकडून तीन कंपन्यांना अर्ज लिहून घेतले: 'मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू असून...' सत्तेचाळिसाव्या वर्षी होतकरू! एकाचंही उत्तर आलं नाही.

त्याची बायको सरूबाई विलेपार्ल्यात दारोदार मासळी विकायची. अंधेरीतल्या एका कंपनीला माल गार ठेवणाऱ्या थंड गाड्यांवर ड्रायव्हर हवेत, हे कळल्यावर तिने परस्पर आपल्या जुन्या गिऱ्हाइकाला, नंदकुमारांना, अर्ज लिहून द्यायला शब्द टाकला. नंदकुमार विमा कंपनीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांचे दावे तपासले.

बळवंत भडकला. "अख्ख्या पार्ल्यात तुला तोच गावला?"

कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी बर्फाची गाडी मागे घेताना नंदकुमारांच्या सोसायटीची भिंत पडली होती. नंदकुमार तेव्हा सेक्रेटरी. त्यांनी बळवंतला संध्याकाळपर्यंत पोलीस चौकीत बसवून ठेवलं होतं.

"तोंड धुऊन जा आणि गप बस," सरूबाई म्हणाली. "घरात मी एकटी किती ओढू?"

नंदकुमारांनी त्याला दारातल्या स्टुलावर बसवलं. पाणी विचारलं नाही. झेरॉक्सवाल्याचा कागद दोन बोटांत धरून वाचला आणि टेबलावर टाकला.

"प्रामाणिक, म्हणे. हे कोणीही लिहितो. गाडी कुठली, किती टनी, किती वर्षं, ते सांगा."

"दहा टनी. अठरा वर्षं."

"पुरावा काय?"

"माझं लायसन बघा ना!"

"लायसन म्हणजे परवानगी. अनुभव नव्हे. कशावरून चालवली?"

बळवंत ताडकन उठला आणि निघून आला. पण दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची पिशवी घेऊन परत गेला. मालक 'वाटेत लाद्या विकतोस' असा आळ घ्यायचा, म्हणून त्याने कारखान्याच्या आणि बंदरावरच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या. किती लाद्या भरल्या, किती वाजता निघाला, किती वाजता पोचला, किती उतरल्या, सगळं त्यात होतं. ओलसर वास मारणारा तो ढीग नंदकुमारांनी दोन दिवस उपसला. एकेक तारीख ताडून पाहिली, कुठे खोट सापडते का म्हणून. सापडली नाही. त्याचाच त्यांना राग आला असावा.

"मच्छीमार सोसायटीचं पत्र आणा. मालक देत नसेल तर माल घेणारे देतील," एवढंच बोलले.

तेही आणलं. अर्ज एका पानात बसला. गाडी, टन, रस्ते, वर्षं, वेळेवर पोचलेल्या खेपा. प्रत्येक ओळीपुढे जोडलेल्या कागदाचा क्रमांक. 'होतकरू' कुठेच नाही. शेवटची ओळ मात्र वाचून बळवंतचं डोकं फिरलं. 'एक अपघात: पार्ले येथे गाडी मागे घेताना भिंत पडली. कोणालाही इजा नाही.'

"हे खोडा."

"नाही खोडणार. अठरा वर्षांत शून्य अपघात लिहिलंत तर बाकीच्या ओळीही खोट्या वाटतील."

"सूड उगवता काय?"

"भिंत मी पाडली नव्हती," नंदकुमार म्हणाले. "न्यायचा तर असाच न्या. नाहीतर फाडा."

बळवंतने कागद हिसकावला. आभार मानले नाहीत. कोरा कागद घेऊन तेवढी ओळ गाळून पुन्हा लिहायला घरी बसलाही, पण क्रमांक चुकायला लागले. शेवटी चरफडत नंदकुमारांचा कागद होता तसाच कंपनीत देऊन आला.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. कंपनीचा मॅनेजर हर्षद, तिशीतला. सगळे अर्ज बाजूला सारून त्याने या एकावर बोट ठेवलं.

"ही भिंत तुम्हाला कोणी लिहायला लावली?"

"आहे एक खडूस म्हातारा."

हर्षद हसला नाही. "खाली चला. माल चढवायच्या बारा नंबरच्या धक्क्याला गाडी मागे लावून दाखवा."

दोन्ही बाजूंना दुसऱ्या गाड्या, मध्ये जेमतेम जागा. लोडर मुद्दाम कामं सोडून बघायला उभे राहिले. "काका, टेकवणार!" कोणीतरी ओरडलं. बळवंतने आरशातून नजर हलवली नाही. एकदा पुढे, एकदा मागे, आणि गाडी धक्क्याला लागली. हर्षदने गाडी आणि धक्क्यामध्ये हात घालून पाहिला आणि म्हणाला, "सोमवारपासून या."

सरूबाई पापलेटं घेऊन पार्ल्याला गेली. नंदकुमारांनी नेहमीसारखी घासाघीस करून दोन घेतली, पैसे मोजून दिले आणि विचारलं, "टिकेल का तो तिथे, त्या जिभेने?"

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा बळवंत जेवत होता.

"सांग त्याला, मरेपर्यंत टिकेन."

"तूच जाऊन सांग ना. दोन शब्द बरे पण बोल."

"मी? त्या दारात परत?" त्याने भात कालवला. "मासे दे जाऊन त्याला, पैसे घे. माझं नाव काढू नकोस."

दीड वर्ष झालं. बळवंत आता भिवंडीपर्यंत थंड गाडी नेतो. अधूनमधून पार्ल्याच्या नाक्यावर दोघे समोरासमोर येतात. ओळख कोणीच दाखवत नाही.