रोवणीचं जेवण हॉटेलात

माझा नवरा म्हणतो, मला हॉटेल निवडायला सांगितलं की मी सतरा ठिकाणी जाते, सगळ्यांत खोट काढते आणि शेवटी दमून समोर येईल ते पसंत करते. नवराही मी असाच निवडला होता, असं मी त्याला सांगितलं. तो हसला नाही. पण तीन रविवार माझ्याबरोबर मोटारसायकलवर हिंडला, प्रत्येक हॉटेलात चव बघायला म्हणून पोटभर जेवला आणि प्रत्येक वेळी म्हणाला की हेच ठीक आहे. त्याच्या सल्ल्याचा मला एवढाच उपयोग झाला.

हॉटेल हवं होतं बावीस बायकांना एकाच वेळी जेवू घालणारं. त्या बायका म्हणजे आमच्या गावातला रोवणीचा, धानाची रोपं लावणारा गट. मी अर्जुनी मोरगावला शाळेत शिकवते. तिथून जवळच्या गावात बाबांची तीन एकर धानाची शेती आहे, आणि आई गेल्यापासून आम्ही दोघं त्यांच्याकडेच राहतो. रोवणी संपली की शेवटच्या दिवशी रोवणाऱ्या बायकांना जेवण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. बाबा ते बांधावरच देत. भात, मासोळीचा रस्सा, मासोळी न खाणारीला वांग्याची भाजी. स्वयंपाक कोणीही करो, भात मात्र बाबा स्वतः वाढत. परात कमरेवर टेकवून, वाटीनं भात घालत ते ओळीनं फिरत, आणि शेवटच्या बाईच्या पानात भात पडेपर्यंत पहिली बाई घास घेत नसे. मी हे लहानपणापासून पाहत आले. इतक्या वेळा पाहिलं, की त्यात लक्ष देण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

मागच्या वर्षी ऐन रोवणीच्या तोंडावर बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आम्ही त्यांना नागपूरला नेलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मला बाबांची काळजी होतीच, आणि खोटं कशाला बोलू, शेताचीही होती. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार होऊन उभे होते. ते वाढून गेले की मग रोवण्यात अर्थ राहत नाही, आणि त्या दिवसांत गावात एक बाई मोकळी मिळत नाही. मी मनातल्या मनात ते वर्ष सोडून दिलं.

बाबांना घेऊन परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेतावर गेले, तर शेताचा तुकडा न् तुकडा, एकूण एक बांधी, रोवलेली. बावीस बायका आपापल्या ठरलेल्या कामावर जायच्या आधी, पहाटे अंधार असतानाच येऊन, चार सकाळी आमचं शेत रोवून गेल्या होत्या. मला कोणी फोन केला नाही, विचारलं नाही. मजुरी त्यांनी मागाहून घेतली, सगळ्यांची घेतात तशीच. पण त्या चार पहाटेंचं मोल मजुरीत येत नाही, हे मला बांधावर उभी असतानाच कळलं. मी तिथंच खाली बसले आणि रडले. नवरा म्हणाला, चिखल आहे, साडी भरेल. भरली.

वर्षभरात बाबा काठी घेऊन चालायला लागले. बोलणं तर त्यांचं एक दिवसही थांबलं नव्हतं. उजवा हात मात्र खांद्यापासून गेला तो गेलाच. डाव्या हातानं जेवताना भात सांडे, वरण सदऱ्यावर ओघळे. एकदा घरी आलेल्या एका पाहुण्यानं ते बघून कळवळून 'अरेरे' म्हटलं. त्या दिवसापासून बाबा कोणासमोर जेवले नाहीत. आतल्या खोलीत ताट न्यायचं आणि दार लोटून घ्यायचं. आमच्यासमोरही नाही. लग्नाला जात, पण जेवणाची वेळ झाली की औषधाचं निमित्त काढून उठत. बावीस जणींच्या पंगतीत परात घेऊन फिरणारा हा माणूस आता दाराआड एकटा जेवतो, हे मला सहन होत नव्हतं. त्यांना पुन्हा चार माणसांत बसून जेवताना बघायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

यंदाची रोवणी संपत आली तेव्हा बाबांनीच विषय काढला. मागच्या वर्षीचं जेवण राहून गेलं आहे, दोन्ही वर्षांचं एकदम देऊ म्हणाले. वाढणार कोण, हे ना त्यांनी विचारलं ना मी. मी घाईघाईनं म्हटलं, आपण सगळ्यांना हॉटेलात नेऊ. तिथं वाढायला माणसं असतात. बाबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ने. मी येतो. पण जेवत नाई, घरूनच जेवून येतो."

गटाच्या म्होरक्या बाईला आम्ही मावशी म्हणतो. साठी ओलांडलेली, बारीक अंगाची, आणि बोलायला अशी की समोरच्यानं आधी बूड टेकून घ्यावं. तिनं माझा बेत ऐकून विचारलं, हॉटलात काऊन, बांधावर काय काटे उगवले? मी म्हटलं, महिनाभर वाकून तुमच्या पाठी मोडल्या, एक दिवस खुर्चीत बसून, पंख्याखाली, दुसऱ्यानं वाढलेलं खा. तिनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. बाकीच्या मात्र खूष झाल्या आणि लगेच अटी आल्या. खाली मांडी घालायला लावणारं हॉटेल नको, गुडघे गेलेत. संडास बरा पाहिजे. पनीर पाहिजे, कारण एकीच्या सुनेनं माहेरी खाल्लं होतं आणि ती वर्षभर तेच सांगत होती. जास्त थंडगार खोली नको, दोघींना दमा आहे.

पहिल्या रविवारी आम्ही गोंदियाला गेलो. हॉटेल चकचकीत होतं. मॅनेजरनं विचारलं, किटी पार्टी है क्या मॅडम? मी म्हटलं, रोवणी पार्टी है. त्यानं वहीत तसंच लिहून घेतलं. पण जेवणाची खोली वरच्या मजल्यावर, आणि जिना असा उभा की धडधाकट माणसानंही कठडा धरावा. बाबांची काठी आठवून मी तिथंच नाही म्हटलं. नवऱ्यानं तोवर मसाला डोसा मागवला होता. दुसऱ्या रविवारचा ढाबा ऐसपैस होता, पण शेजारच्या खाटांवर भरदुपारी बाटल्या उघडलेल्या होत्या. तिथं मी माझ्या बायकांना नेणार नव्हते.

तिसरं ठिकाण सौंदडजवळ, हायवेला लागून. पायरी एकच, खुर्च्या मजबूत, संडास मी स्वतः जाऊन पाहिला. मालक झुपकेदार मिशांचा, हिंदी बोलणारा. बावीस बायका धान लावणाऱ्या आहेत म्हटल्यावर त्यानं एवढंच विचारलं, चावल कितना पकाऊँ? आधीच्या दोन्ही ठिकाणी भाताबद्दल कोणी एक शब्द काढला नव्हता. मी तिथंच पक्कं केलं. आणि माझ्या मते मोठी अक्कल चालवून आणखी एक गोष्ट ठरवली. कोपऱ्यात थंड पेयांचा फ्रिज होता, त्याच्या आडोशाला एक लहान टेबल मांडायला सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. तिथं खोलगट ताटली आणि मोठा चमचा ठेवायला सांगितला. म्हटलं, बाबांचं मन झालंच तर तिथं कोणाला दिसणार नाही.

ठरल्या दिवशी दोन काळीपिवळ्या जीपा भरून बायका आल्या. सगळ्या ठेवणीतल्या लुगड्यांत नि साड्यांत, एरवी चिखलात पाहिलेले चेहरे ओळखूच येईनात. बाबा धुतलेला सदरा घालून आले, सगळ्यांशी बोलले आणि कोपऱ्यातल्या त्या टेबलाशी जाऊन बसले. वाढप्यांनी पनीर वाढलं, वरण वाढलं, तंदुरी रोट्या आणल्या, भाताची मोठमोठी भांडी प्रत्येक टेबलावर ठेवली. वाफा निघत होत्या. आणि एकही बाई जेवेना.

मला वाटलं, लाजताहेत. टेबलाटेबलाला जाऊन म्हटलं, घ्या ना, सुरू करा. त्या हसून हो म्हणत आणि हात मांडीवरच ठेवत. मग वाटलं, पनीर बघून बिचकल्या असतील. मालक स्वतः बाहेर आला आणि हळूच विचारू लागला, मॅडम, खाने में कुछ कमी है क्या? शेवटी मावशीजवळ गेले तर ती माझ्याकडे न बघता कोपऱ्यात बसलेल्या बाबांकडे बघत होती.

तिनं विचारलं, "भाऊ नाई वाढत का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अख्खं आयुष्य ती ओळ बघितली, आणि वाढायला माणसं मिळतात म्हणून हॉटेल शोधत तीन रविवार हिंडले. त्यांना वाढायला कोणीही चालणार नव्हतं, बाबाच हवे होते. मी खालच्या आवाजात म्हटलं, मावशी, त्यांचा हात चालत नाही, माहीत आहे ना तुम्हाला. ती उठली. टेबलावरचं भाताचं भांडं उचललं आणि सरळ बाबांसमोर जाऊन उभी राहिली. बाबांना तिच्या मनातलं कळलं. त्यांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, डाव्या हातानं कोणी अन्न वाढतं का.

मावशी म्हणाली, "कायले लाजता, भाऊ? रोवताना पऱ्ह्याची पेंडी आमी डाव्याच हातात धरतो. तोच धान खाऊन राहिलो ना सारे? मंग वाढा त्याच हातानं."

बाबा काठी भिंतीला टेकवून उठले. मी धावले, तर मावशीनं मला नजरेनंच जागेवर थांबवलं. मिशीवाल्या मालकाला काय कळलं देव जाणे, पण तो पुढं आला, भांडं त्यानं दोन्ही हातांनी धरलं आणि बाबांच्या बाजूनं चालू लागला. बाबा डाव्या हातानं वाटी भरत, जपून टेबलापर्यंत नेत. प्रत्येक बाई आपलं ताट उचलून वाटीखाली धरी. तरी भात सांडे. टेबलावर पडलेली शितं त्या बोटांनी उचलून ताटात घेत, जशी रोवताना पाण्यावर तरंगलेली काडी उचलून पुन्हा लावतात. बावीस ताटं झाली. वरण केव्हाच निवलं होतं. आणि मग सगळ्या जेवायला लागल्या.

बाबा कोपऱ्याकडे परत निघाले. मावशीनं आपल्या शेजारची खुर्ची ओढली, त्यांना मधोमध बसवलं आणि ताट वाढून पुढं ठेवलं. बाबा म्हणाले, मी घरून जेवून आलो. ती म्हणाली, आम्हीही सकाळी खाऊनच आलो आहोत, आणि स्वतःच्या ताटात खाली मान घालून जेवू लागली. माझा चमचा फ्रिजमागेच राहिला. बाबांनी डाव्या हातानं भात कालवला. पहिला घास निम्मा सांडला. दुसऱ्याला वरण मनगटावरून सदऱ्याच्या बाहीत गेलं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. कोणी 'अरेरे' म्हणेल का, कोणी चोरून बघेल का. बावीस जणी होत्या. एकीनंही मान वर केली नाही. कोणी मीठ मागत होती, कोणी पनीर रबरासारखं लागतं म्हणत होती, आणि बाबांकडे बघत कोणीच नव्हतं. ते त्यांनी ठरवून केलं होतं का, मी कधीच विचारलं नाही. त्या दिवसापासून गटातली कोणीही दिसली की माझे हात आपोआप जोडले जातात. त्यांना वाटतं, बाई शाळेत शिकवते, तिला सवय आहे.

निघताना मालकानं विचारलं, पुढच्या वर्षीही आणाल ना या सगळ्यांना. माझ्याआधी मावशी बोलली. पुढच्या वर्षी तुम्हीच बांधावर या म्हणाली, भाऊ वाढतील. तो हसला, आणि माझ्या मते तो येईल.

संध्याकाळी मी सवयीनं बाबांचं ताट आतल्या खोलीत नेऊन ठेवलं आणि दार लोटायला वळले. बाबांनी थांब म्हटलं. ताट त्यांना एका हातानं उचलता येत नव्हतं, म्हणून मला ते ओसरीवर आणायला सांगितलं. ओसरी रस्त्याला लागून आहे, संध्याकाळी सगळं गाव तिथून जातं. बाबा बसले, भात कालवला, सांडला, पुन्हा कालवला. शेतावरून परत येणारा एक म्हातारा सायकल थांबवून उभा राहिला आणि विचारू लागला, जेवून राहिले का, भाऊ?

बाबांनी तोंडातला घास गिळला, डावा हात वर केला आणि म्हणाले, "हव, जेवून राहिलो. ये, बस."