सांभार आणि कोत्तंबरी

सलग तीन दिवसांची सुट्टी, म्हणून बायको आणि लेकीला घेऊन म्हैसूरजवळच्या शेतकऱ्यांच्या बाजारात गेलो. आम्ही यवतमाळकडचे. कामासाठी इथं येऊन दोन वर्षं झाली, तरी परक्यापुढं तोंड उघडायचं म्हटलं की छातीत धडधडतं. सातवीतच शाळा सुटली. आपलं अडाणीपण लेकीसमोर उघडं पडेल, हीच धास्ती.

बाजार मात्र डोळ्यांत मावत नव्हता. गोणपाटांवर हिरव्या जुड्यांचे ढीग, त्यांवर अजून दव. एका म्हातारीपुढं बसलो आणि सवयीनं बोलून गेलो, "अम्मा, सांभार."

तिनं पलीकडच्या हॉटेलाकडं बोट दाखवलं. बायको खुसखुसली, "काय बाप्पा तुम्ही! इथं सांभार इडलीसोबत भेटते." मी गुपचूप जुडीवर बोट ठेवलं.

"कोत्तंबरी!" म्हातारी हसली.

"बाबा, म्हणजे कोथिंबीर!" लेक ओरडली.

मी थक्क झालो. कोथिंबीर हा माझ्या लेखी पुस्तकातला, शिकलेल्यांचा शब्द. आमच्या गावात सगळे सांभारच म्हणत; कुणी कोथिंबीर बोललं तर पोरं चिडवत. आणि नखांत माती असलेली ही बाई, मराठीचं अक्षर न येणारी, तो जन्मापासून बोलत होती. कितीजणींच्या टोपल्यांतून चालत गेला असेल हा शब्द!

"मग सांभार कुणाचा शब्द?" लेकीनं विचारलं.

"आपला," मी म्हणालो.

तिनं जुडी उचलून म्हातारीला ठणकावून सांगितलं, "अम्मा, सांभार!"

म्हातारीनं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "सांभार," ती म्हणाली, अगदी आमच्यासारखं.