मळका रुमाल आधी

इंदुमती खिलारेचे डोळे मिटत नाहीत, नुसते जड होतात. दुपारचा दीड वाजलाय. डबा अर्धा खाऊन बाजूला सारलाय आणि तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधला पंखा असा फिरतोय, जणू त्याला वरून लेखी आदेश यायचाय. तीन वाजता वरच्या सभागृहात साठ तलाठी-कारकुनांना तिनं शिकवायचंय, पूर आला तर सरकारी कागद कसे वाचवायचे. जिल्ह्याहून शहाऐंशी स्लाइड आल्यात. त्यात ‘आपत्कालीन अभिलेख व्यवस्थापन’ सतरा वेळा लिहिलंय. अकरा हजार गठ्ठ्यांतला पहिला कुठला उचलायचा, ते एकदाही नाही.

मागच्या पुरात ह्याच कचेरीनं आधी खुर्च्या वर नेल्या, मग कपाटं, मग साहेबांचा एसी. का? त्यांच्यावर नंबर असतो, हरवलं तर जाब विचारतात. गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या वह्या खाली सडल्या. त्यासाठी कुणाला साधी नोटीससुद्धा निघाली नाही. आणि ह्या साली पाऊस पंधरा दिवसांवर आलाय.

“काय गं पोरी, झोपा काढायचा पगार देतंय व्हय सरकार?”

दारात मौलाचाचा उभा. मौला नदाफ, इथला दप्तरी. चौतीस वर्षं त्यानं हे गठ्ठे बांधले, सोडले, डोक्यावर वाहिले. अक्षरओळख नव्हती. पुराच्या आदल्या वर्षी वारला. इंदुमती त्याच्या मातीला गेली होती.

“चाचा, तुम्ही तर...”

“मेलोय. मग? मेलेल्या माणसाला हजेरीपट नसतोय. ऊठ, पाणी आलंया.”

पाणी खरंच आलंय. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत. दोन रॅकांमधली बोळ लांबत लांबत नदी होते आणि दोन्ही काठांवर गठ्ठेच गठ्ठे. चाचा लुंगी खोचून पुढं, ती मागं. छाती धडधडतेय, पण भीतीनं नाही. शाळा बुडवून विहिरीवर पोहायला पळताना धडधडायची, तशी.

“पहिला कुठला उचलू? सांगा लवकर!”

“मला इचारती? मला वाचता येतंय व्हय?”

“तरी मागेल तो गठ्ठा मिनिटात काढून द्यायचात. कसं?”

“रुमाल बघून.”

रुमाल म्हणजे गठ्ठा बांधायचं फडकं.

“ज्याचा रुमाल मळलाय,” चाचा सांगतो, “त्यो गठ्ठा लोकं सारखी मागत्यात. कुणाला जातीचा दाखला पायजे, कुणाला वारसाची नोंद. दर बारीला ह्याच हातानं काढलाय, म्हणून काळा पडलाय. त्यो आधी उचल.”

“आणि ज्याला कुणी हात लावत नाही, पण जगात एकच प्रत आहे, त्याचं काय?”

चाचा थबकतो. मान खाजवतो. “त्यो मला न्हाई कळायचा. त्यो तू हुडकायचा. मग शिकलीस कशाला?”

इंदुमती काठांकडं बघते. सगळे रुमाल लाल, कोरे. मार्चमध्ये तपासणी होती म्हणून तिनंच बदलून घेतले होते. साहेबांनी फोटो काढून वर पाठवले होते.

“चाचा, मीच बदलले.”

“धा साहेब आले नि गेले, असला गाढवपणा एकानं केला न्हवता.”

शिवी खाऊन तिला हसू फुटतं. किती दिवसांनी ह्या कचेरीत कुणी खरं बोललंय! “मग आता?”

“गठ्ठं काढणारी माणसं अजून जित्ती हाईत न्हवं? त्यास्नी इचार. ती साठ टाळकी येणार, त्यास्नी शिकवत बसू नको. ज्याच्या त्याच्या गावात कंचा कागुद जास्त मागत्यात, ते वदवून घे. त्या गठ्ठ्यांवर आजच्या आज खुणा घाल.”

तो एक दार ढकलतो. आत तालुक्याचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. क्रेटांत बेदाणे नाहीत, भिजलेल्या वह्या आहेत, गारठून टणक झालेल्या.

“अहो, मागच्या वेळी आम्ही गच्चीवर उन्हात घातल्या,” इंदुमती ओरडते, “पानाला पान चिकटून विटा झाल्या! इथं बुरशी थांबेल. सवडीनं एकेक सावलीत वाळवता येईल. स्टोरेजच्या मालकाकडून जागा द्यायचं आत्ताच लेखी घ्यायला हवं, पूर यायच्या आधी!”

“आता कशी बोललीस!” चाचा टाळी देतो आणि एक जुना, मेणचट काळा गठ्ठा तिच्या हातांवर टाकतो. “धर. सोडू नको.”

“नाही सोडत.”

“मॅडम! ओ मॅडम! वर लोक खोळंबल्यात. दोन चहा झाले त्यांचे.”

शिपाई गजराबाई खांदा हलवतेय. फरशी कोरडी ठणठणीत. इंदुमती दोन्ही तळवे समोर धरते. काळेकुट्ट. इथल्या कोऱ्या रुमालांना हात लावला तर बोटं लाल होतात, काळी नाहीत.

“अगं बया, कशात हात घातला? धुवा जावा, नळाला पाणी आहे.”

“गजराबाई, तू किती वर्षं गठ्ठे काढतेस?”

“बारा झाली. का वो?”

“मग वर चल. आज तू सांगायचंस, मी लिहून घेणार.”

“मी? त्या समद्या साहेब लोकांपुढं? माझी काय थट्टा लावलीय?”

इंदुमती तिचं मनगट धरून ओढतच जिन्याकडं निघते. गजराबाईच्या हातावर काळी पाच बोटं उठतात. पुसायला दोघींनाही सवड नाही.