दोघे बंधू व मंडळी

‘व मंडळी’ हे दोन शब्द आजही कुठे वाचले की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, बाई, आता वय झालं, जरा शांत घ्या. नाही घेत.

तेव्हा मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते, शुक्रवार पेठेत खोली घेऊन राहत होते. पेठेतल्या वाचनालयानं जिल्ह्यातले जुने फोटो जमवून प्रदर्शन भरवायचं ठरवलं. बायकांच्या माजघरात पुरुषांना कोण जाऊ देणार, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. सुट्टीच्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं धूळ खात मी गावोगाव हिंडले. कणगीमागून, ट्रंकेच्या तळातून, देवळीतून फोटो काढून घेतले. कोण, कधीचा, कुठला, सगळं विचारून चिठ्ठ्या लिहिल्या.

आणि प्रत्येक फोटोखाली तीच गंमत. खुर्चीवर बसलेल्या पुरुषांची नावं डावीकडून उजवीकडे, आडनावासकट. एका फोटोत तर बैलाचंही नाव होतं. मागं उभ्या असलेल्या बायका मात्र ‘व मंडळी’. घरधन्याला विचारावं, ही कोण, तर म्हणे, ‘‘ती व्हय? ती आमची मंडळी.’’ नाव विचारलं की हसायचा. ‘‘नाव कशाला पायजे? मंडळीच की.’’ जिच्या हातची भाकरी तीस वर्षं खाल्ली तिचं नाव सांगायला याची जीभ रेटत नव्हती. मी हट्टानं चुलीपाशी जाऊन बसायची आणि बायकांनाच विचारायची. अशी चाळीसेक नावं मिळवली.

मंगळवेढ्याला एका शेतकऱ्याच्या घरी असाच एक फोटो होता. जत्रेत आलेल्या फोटोवाल्यानं काढलेला, दोघे भाऊ खुर्च्यांवर, मागं तिघी. त्या तिघींतली एकच हयात होती, थोरल्याची विधवा. ती ज्वारी पाखडत होती. मी नाव विचारलं तसं तिनं सूप खाली ठेवलं.

‘‘कुटलं सांगू? हितलं का म्हायेरचं?’’

लग्नात नाव बदललेलं. मी म्हटलं, तुम्हाला हवं ते सांगा. तिनं आधी दाराकडं बघून घेतलं, मग अगदी हळू माहेरचं नाव सांगितलं. ‘‘आई गेल्यापासनं त्या नावानं कुनी हाक मारली न्हाय. तेच लिव. लिवशील न्हवं?’’

‘‘लिहीन, आजी.’’

‘‘मग मी बघाय येती.’’

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वाचनालयात गेले तर भिंतीवर सुबक अक्षरात सगळीकडे ‘व मंडळी’. माझ्या चिठ्ठ्या कुठायत म्हणून विचारलं. कार्यवाहांनी चष्मा पुसत सांगितलं, बंबात घातल्या. ‘‘घरंदाज लोकांच्या बायकांची नावं चारचौघांत टांगायची का, बाई? काही पोच आहे की नाही?’’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, चेहरे टांगलेले चालतात, नावं तेवढी बाटतात का? बरंच बोलले. बैलाचं नाव ठेवलंत तेही सांगितलं. ते नुसते हसले. मेल्यांनी पाटी म्हणून बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावरून पदर, गर्दीतून वाट काढत थेट आपल्या फोटोपाशी. अक्षरओळख नव्हती तिला. ‘‘ह्यात माजं नाव कुटं हाय गं?’’

मी खोटं बोलले नाही. कार्यवाहांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘‘नाही आजी. काढून टाकलं या लोकांनी.’’

तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ‘‘मग आता लिव की. शिसपेन्सिल हाय की तुज्या हातात.’’

खरंच होती. मला तर आनंदच झाला. सगळ्यांदेखत पुठ्ठ्यावर वाकले, पेन्सिल टेकवली, आणि हात थांबला. चाळीस नावं डोक्यात एकमेकांत मिसळून गेली होती. हिचं कुठलं? सासरचं तर विचारलंच नव्हतं, आणि माहेरचं आठवेना. चिठ्ठीवर लिहिलं म्हणून मी निर्धास्त होते. ते नाव ध्यानात ठेवायची तसदी मीही घेतली नव्हती. कालपासून कार्यवाहांच्या नावानं कडाकडा बोटं मोडणारी मी, शेवटी मान वर करून विचारलं, ‘‘आजी, काय सांगितलं होतंत?’’

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

‘‘तूबी इसरलीस व्हय,’’ ती म्हणाली. पदर सारखा केला आणि मोटार चुकेल म्हणून निघाली.

मी तिच्यामागं मोटारीपर्यंत गेले. दोनदा विचारलं. तिनं नाव सांगितलं नाही.