डोकं टेकायची भिंत

दत्तू पेंटरने उभ्या हयातीत लोकांच्या भिंती रंगवल्या. सिडकोतलं स्वतःचं घर मात्र त्याने नीट रंगवायला घेतलं ते विकायची वेळ आल्यावर. बायको, फुलाबाई, गेल्यापासून तो एकटाच होता. गुडघे साथ देत नव्हते. सिन्नरला दिलेली मुलगी, तृप्ती, फोनवर एकच धोशा लावायची, "बाबा, इकडे या. तिथे राखण कोणाची करताय?"

रविवारी गिऱ्हाईक घर बघायला येणार होतं. एजंट राज दारातूनच सांगून गेला होता, "काका, सगळं रिकामं करा, भिंती पांढऱ्या करा. तुमचा संसार दिसला की लोक घाबरतात."

रिकामं करायला वेळ लागला नाही. मोडकी कॉट, गाद्या, रंगाचे गंजके डबे भंगारवाल्याने हातगाडीवर रचले. फुलाबाईचं नाव घातलेली भांडी तृप्तीसाठी पोत्यात गेली. साड्या शेजारच्या भागीबाईला दिल्या. तिने जांभळी साडी उचलली, पुन्हा घडीवर ठेवली.

"ही लय मागितली होती तिच्याकडं. द्यायची नाय. आता मिळाली तर नेसवंना."

राहिलं स्वयंपाकघर. मांडणीशेजारी, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, भिंतीला ताटलीएवढा काळपट डाग होता. फुलाबाई तिथेच पाय पसरून बसायची, डोकं मागे टेकून. तांदूळ तिथेच निवडायची, डुलकीही तिथेच काढायची. केसांचं तेल भिंतीत मुरत गेलं होतं. दर दिवाळीला दत्तू म्हणायचा, "यंदा हा खरवडतो."

"आधी लोकांच्या भिंती उरका," ती म्हणायची, आणि डोकं तिथेच टेकायची.

तेलावर रंग थेट मारायचा नसतो. आधी पत्तीने खरवडायचं, पॉलिश पेपर मारायचा, मग ऑइल प्रायमर. तो पुरता वाळला की रंगाचे दोन हात. हाताखालच्या गड्याने प्रायमर चुकवला तर दत्तू त्याला पुन्हा ब्रश धरू देत नसे. आज त्याने बाकीची भिंत नीट खरवडली. डागापाशी पत्ती थांबली. तेवढ्यावर त्याने तसाच रंग मारला. वाळल्यावर दुसरा हात दिला. आपण काय करतोय ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी डाग वर आला होता. पिवळा, जागच्या जागी. दत्तूने चहा केला आणि त्या दिवशी ओट्याशी उभ्याने न पिता भिंतीसमोर बसून प्यायला.

भागीबाई भाकरी घेऊन आली. भिंतीकडे बघून हसली.

"दत्तूभाऊ, ही अजून गेली नाय!"

"डिस्टेंपर हलका निघाला."

"डिस्टेंपर नाय, पेंटर हलका निघाला." मग तिचं हसू ओसरलं. "पण येणारी बाई नाक मुरडंल. शी म्हनंल. आपल्या फुलाबाईला शी म्हटलेलं चालंल तुम्हाला?"

 ती गेल्यावर दत्तूने कप धुतला आणि पत्ती हातात घेतली. आतला गिलावा दिसेपर्यंत खरवडलं. भुकटी खाली पडली, ती ओल्या फडक्याने टिपली. खळग्यात बारीक पुट्टी भरली, घासली, प्रायमर दिला. तो वाळेपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावला नाही. मग रंगाचे दोन हात. कामात कुठेही कसर ठेवली नाही.

शनिवारभर तो त्या भिंतीकडे बघत होता. उजेडात बघितलं, बॅटरी तिरपी धरून बघितलं, तळहात फिरवला. काहीच वर आलं नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं, नवरा-बायको. बाईने स्वयंपाकघरात भिंतीवर बोटं फिरवली. "रंग छान बसलाय हो काका."

"बसणारच," दत्तू म्हणाला.

ती राजशी बोलत बाहेरच्या खोलीत गेली. घर पसंत पडलं होतं, तिच्या आवाजावरूनच कळत होतं.  दत्तू फुलाबाईच्या जागी खाली बसला, पाय पसरले, डोकं टेकायला मागे नेलं आणि तसंच थांबवलं. सकाळी आंघोळ करून त्यानेही डोक्याला तेल लावलं होतं.

मान ताठ धरून तो बसून राहिला.