काढ्याबरोबरची गोळी

कोपरखैरण्याच्या आमच्या बिल्डिंगीत अफवा होती, की मालक धर्मराजकाका अर्जुनसालीच्या काढ्यात पावणे एमआयडीसीतल्या औषध कंपनीतली कसलीशी पावडर मिसळतात. नाहीतर या वयात कोलेस्टेरॉल एवढं उतरेल कसं? साफ खोटं. काढ्यात साल, मेथ्या आणि पाणी, बस. वेगळी होती ती गोळी, आणि ती जायची थेट काकांच्या पोटात.

मला कळलं ते वाशीच्या मेडिकलमध्ये. गल्लीतलं दुकान सोडून काका इतक्या लांब आलेले, आणि दुकानदार ओरडला, "धर्मराज, कोलेस्टेरॉलची गोळी, रात्री जेवून." काकांनी स्ट्रिप खिशात कोंबली. वळले, तर मागे मी.

"काकीची हाय," ते म्हणाले.

"काकीचं नाव धर्मराज?"

ते चपलांकडे बघत राहिले. "डॉक्टर बोलला, काढा घ्यायचा तर घे, पन गोली सोडू नको. आता कुनाला सांगू? मीच सगल्यांना बोलून बसलो ना, गोल्या शेरातली मान्सा खातात, आमी झाडपाल्यावर वाढलो."

रविवारी सकाळी गेटपाशी काका रोजच्यासारखे सगळ्यांना वाटायला काढ्याचा टोप घेऊन बसले. सगळे पेले घेऊन हजर. तळमजल्यावरच्या यशोदाबाई, बिल्डिंगीच्या आजी, कौतुकानं म्हणाल्या, "धर्मराज, मी माझी गोळी बंद केली हो. तुझा काढा पुरे."

काकांच्या हातातला डाव हवेतच थांबला. मग त्यांनी आजींचा पेला भरला आणि घरात निघून गेले. मी मागोमाग गेले.

"काका, आजींना काही झालं तर?"

"उंद्या सांगतो."

"सगळ्यांसमोर? शक्य नाही. फार तर आजींच्या कानात सांगाल. लावा पैज."

"लाव. माज्या पाठीमागं माजी नक्कल करतेस ना? हरलीस तर तोंडावर करायची."

दुसऱ्या दिवशी काकांनी टोपावरचं झाकणच काढलं नाही. मान खाली, कान लाल.

"आजी, मी गोली खातो. रोज. काढ्यानं किती उतरला नि गोलीनं किती, मना माहीत नाय. तुमी गोली सोडली ती माज्यामुलं. रिक्शा बोलावलीय. डॉक्टरकडं चला."

कोणी हसलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचा कुलदीप पुटपुटला, "आणि आम्ही हे कडू पाणी..."

"आवडला तर पी. मी पन पितो."

"मेल्या, कालच सांगायचंस," आजी म्हणाल्या आणि रिक्षात चढल्या. "बस शेजारी. डॉक्टरला तूच सांग."

संध्याकाळी काका पायरीवर बसले. "चल, कर नक्कल."

मी त्यांचा खोकला काढला, भाडेकरूंवर खेकसणं काढलं. काकी आत खुदखुदल्या.

"ता नको. सकालचा कर."

"आजी, मी गोली खातो," आवाज हुबेहूब लागला, आणि मला वर बघवेना.

"पुढं," काका म्हणाले.

हरले होते, म्हणून पुढचंही म्हटलं.